आंब्यावरची वेणी डोंबिवलीच्या गॅलरीत येईल का?

पत्र थोडक्यात असं: पन्नाशी ओलांडलेल्या या वाचक ताई डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर राहतात. माहेर कुडाळ तालुक्यातलं. वडील गेले, आई आता मुंबईला भावाकडे असते आणि गावचं घर विकायचं ठरलं आहे. गणपतीच्या आधी खरेदीखत होईल. खळ्याच्या कडेला जो आंबा आहे, त्यावर वडिलांनी पस्तीस वर्षांपूर्वी वादळात पडलेल्या फांदीवरची ‘सीतेची वेणी’, म्हणजे झाडावर वाढणारं एक ऑर्किड, आणून बांधली होती. आज तिचे सात-आठ झुबके झालेत. दर मिरगाला ती फुलते आणि सकाळी माजघरापर्यंत वास येतो. घर घेणारा आंबा ठेवेल की नाही, माहीत नाही. भाऊ म्हणतो, ‘बांडगूळ आहे ते, त्यासाठी कशाला जीव टाकतेस?’ वहिनी म्हणते, घाटाच्या रस्त्यावर माणसं रानातली ऑर्किडं विकतात, त्यांतलं एक घे. ताईंची भीती वेगळीच आहे. गेल्या तीन वर्षांत त्यांनी पाच ऑर्किडं विकत आणली, पाचही मेली आणि एकालाही वास नव्हता. ‘माझ्या हाताला ऑर्किड लागतच नाही. मग बाबांचं झाड आणून मारू की तिथंच सोडून देऊ? हवेत ओलावा करणारं यंत्र घ्यावं का?’

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वडिलांसाठी, दुसऱ्यांदा त्या पाच झाडांसाठी. आधी त्या पाचांविषयी बोलते, कारण तुमच्या भीतीचं मूळ तिथं आहे.

तुम्ही लिहिलंय की, झाडं आणली त्या दिवशीच ‘चांगली’ कुंडी घेऊन लाल माती आणि शेणखतात लावली, हॉलमध्ये एसीखालच्या टेबलावर ठेवली आणि रोज सकाळी न चुकता पाणी घातलं. ताई, तुळस, जास्वंद किंवा मोगरा असता तर या सेवेनं तो तरारला असता. ही ऑर्किडं मात्र मातीतली नव्हेत. त्यांच्या मुळांवर स्पंजासारखं एक पांढरट आवरण असतं. पावसाचं पाणी ते काही क्षणांत शोषून घेतं आणि त्यानंतर त्याला वारा लागतो. कोरडं मूळ चंदेरी दिसतं, भिजलं की हिरवं होतं. मातीत गाडल्यावर ते सदा ओलं राहतं, गुदमरतं आणि कुजतं. मुळं गेली की पानं सुरकुततात. सुरकुतलेलं पान पाहून आपण आणखी पाणी घालतो. अशी झाडं तहानलेली दिसत दिसत पाण्यानं मरतात. तुमच्या हातात खोट नाही. विकणाऱ्यानं एक वाक्य सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही, एवढंच.

वास नव्हता, तेही साहजिक होतं. दुकानात मिळणारी रुंद पाकळ्यांची पांढरी-जांभळी फॅलेनॉप्सिस बहुतेक संकरित असतात. रंग, आकार आणि दोन-तीन महिने टिकणारं फूल यांसाठी पिढ्यान् पिढ्या निवडत आणलेली. त्या निवडीत वासाची पर्वा कोणी केली नाही. हारवाल्यांकडची जांभळी डेंड्रोबियमही तशीच. म्हणून ‘ऑर्किड आणलं की वास येईल’ हे गृहीत धरू नका. वास हवा असेल तर तो नाव घेऊन मागावा लागतो.

आता तुमच्या आंब्यावरच्या झाडाकडे येते. इथं मला एक शंका आहे आणि ती तुम्हाला थोडी टोचेल. ते झाड सीतेची वेणी असेलच असं नाही.

सीतेची वेणी म्हणजे ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा. तिच्या फुलांचा घोस गच्च विणलेला असतो, कोल्ह्याच्या शेपटीसारखा गोल आणि खाली लोंबणारा. पांढऱ्या पाकळ्यांवर गुलाबी-जांभळे ठिपके. आसामात तिला कोपौ फूल म्हणतात. ते तिथलं राज्यफूल आहे आणि बिहू नाचताना बायका ते अंबाड्यात माळतात. आपण सीतेची वेणी म्हटलं आणि त्यांनी खरोखरच केसांत घातली, हे मला फार आवडतं. पण तिचा वास सौम्य असतो, फुलाजवळ गेल्यावर जाणवणारा. माजघरापर्यंत पोचणारा वास म्हटल्यावर मला एरिडीस नावाचं दुसरं ऑर्किड आठवतं. आपल्या सह्याद्रीतच त्याच्या दोन-तीन जाती आहेत. फुलण्याचा हंगामही तोच, मे-जूनचा, आणि गावोगाव लोक दोघांनाही कुठं सीतेची, कुठं द्रौपदीची वेणी म्हणतात. एरिडीसच्या घोसात फुलं जरा सुटी असतात, ओठासारखी मोठी पाकळी रुंद असते आणि फुलाच्या बुडाशी पुढं वळलेलं लहान शिंग दिसतं. पानंही जाड, ताठ.

हे सगळं सांगायचं कारण नावाचा हट्ट नाही. झाड कोणतं आहे हे कळलं तर कोणता वास परत मिळण्यासारखा आहे हेही कळेल. आणि एक गोष्ट प्रेमानं सांगते. तुम्हाला आठवतो तो वास एकट्या फुलाचा नसणार. पहिल्या पावसात भिजलेली आंब्याची साल, शेणानं सारवलेलं खळं, ओलं गवत, सकाळी चुलीचा धूर, हे सगळं त्यात मिसळलेलं आहे. डोंबिवलीत फूल येईल, त्याचा वासही येईल. त्या सकाळचा बाकी सगळा भाग येणार नाही. हे आधीच मनाशी धरलंत तर पहिलं फूल उमललं की तुमची निराशा होणार नाही.

भावाच्या ‘बांडगुळा’चंही उत्तर देते, कारण असं म्हणणारा तो एकटा नाही. बांडगूळ आंब्यावर असतंच. ते फांदीत घुसतं, तिच्यातलं पाणी आणि क्षार ओढतं आणि फांदी वाळवतं. ते काढून टाकणारा शेतकरी बरोबर करतो. ऑर्किडची मुळं सालीला नुसती धरून असतात. पावसाचं पाणी, सालीच्या भेगांत साठलेला पालापाचोळा आणि हवा यांवर त्यांचं भागतं. आंब्याकडून ती बसायला जागा घेतात आणि उन्हात सावली. भावाला फांदी वाकवून दाखवा. बांडगुळाच्या बुडाशी फांदीला गाठ आलेली असते, ऑर्किडच्या खाली साल जशीच्या तशी असते.

आता मुख्य प्रश्न, आणू की सोडू. तुम्ही दोनच वाटा धरल्या आहेत, सगळं आणायचं किंवा सगळं सोडायचं. सात-आठ झुबके आहेत ना? वडिलांनी एक बांधला होता. मग बाकीचे एक तर त्याच झाडाला बुडाशी फुटले असतील किंवा त्याच सालीवर बी पडून रुजले असतील. बी रुजले असतील तर ती फार मोठी गोष्ट आहे. ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं, त्यात कोंबासाठी अन्नच नसतं. सालीवरची विशिष्ट बुरशी भेटली तरच ते तग धरतं. एका बोंडातून हजारो बिया उडतात आणि त्यांतली एखादी जगते. तो आंबा त्या झाडाला मानवला आहे.

म्हणून मी असं करीन. दोन झुबके डोंबिवलीला. दोन शेजाऱ्यांच्या किंवा चुलत घराच्या आंब्या-फणसावर, जिथं येत्या वीस वर्षांत कुऱ्हाड पडणार नाही असं वाटतं तिथं. बाकीचे त्याच आंब्यावर राहू द्यावेत आणि घर घेणाऱ्याला झाड फुललेलं असताना दाखवावं. फुललेला घोस पाहिलेला माणूस आंबा तोडण्याआधी निदान विचार करील. तोडायचंच ठरलं तर ‘आधी एक फोन करा’ एवढं तोंडी वचन घ्या. याची कागदावर किंमत शून्य असते, पण गावात अजून तोंडी शब्द चालतो. एकाच गॅलरीवर सगळी भिस्त ठेवली नाहीत की तुमच्या छातीवरचं ओझंही उतरेल. तुमच्याकडचं एखादं गेलं तरी बाबांचं झाड संपणार नाही.

वहिनींचा सल्ला मात्र मनातून काढून टाका. घाटरस्त्यावर मोळीसारखी बांधून विकतात ती झाडं उभ्या रानातून सालीसकट ओरबाडलेली असतात. राखीव जंगलातून असं काही काढणं १९२७ च्या भारतीय वन कायद्याखाली गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी मुळं तुटलेलं ते झाड शहरात सहसा वर्षही काढत नाही. भारतीय वनस्पती सर्वेक्षणानं २०१९ मध्ये देशातल्या १२५६ ऑर्किड जातींची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतल्या ३८८ जगात दुसरीकडे कुठंही नाहीत. त्यांतलं एक झाड आपल्या दोनशे रुपयांसाठी उतरवलं जावं, हे तुमच्या वडिलांनाही पटलं नसतं. त्यांनी वादळानं पाडलेली फांदी उचलली होती, हे विसरू नका. विकत घ्यायचं तर रोपवाटिकेत वाढवलेलंच घ्यावं. १९२२ मध्ये लुईस नडसन या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञानं बुरशीविना, साखर घातलेल्या आगारवर, म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीवर, ऑर्किडचं बी रुजवून दाखवलं. तेव्हापासून बाटलीत रोपं करता येतात आणि आज त्यामुळेच रानाला हात लावायची गरज उरलेली नाही. रोपवाटिकेतलं झाड ओळखायला सोपं असतं. पानं एकसारखी आणि स्वच्छ, मुळं कोळशात किंवा टोपलीत रुळलेली, नावाची चिठ्ठी लावलेली. रानातल्या झाडाच्या मुळांची टोकं तुटकी असतात, पानांवर शेवाळ आणि जुने डाग असतात.

आता झुबके कसे काढायचे. मुळं सालीवरून सोलू नका, हीच सगळ्यात मोठी चूक असते. बारीक फांदीवरचे झुबके निवडा आणि फांदीच दीड-दोन फूट करवतीनं कापा, झाड तिच्यावर तसंच बसलेलं राहू द्या. जाड खोडावरच्यांना हात लावू नका, ते राहणाऱ्यांतले. काळ मिरगानंतरचा, मुळांना नवी हिरवी टोकं फुटतात तेव्हाचा. एकच फेरी जमणार असेल तर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जा, म्हणजे फुलंही दिसतील. आणायच्या झुबक्यांवरचे घोस मात्र कापून आईला द्या. प्रवासात आणि नव्या जागी झाडाला ते पोसवत नाहीत. गाडीत आणताना ओल्या वर्तमानपत्रात सैल गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधलं तर रात्रभरात गाभा उकडतो.

तुमची गॅलरी पश्चिमेची आहे. दुपारी बारा ते चारचं ऊन तिथं पान जाळील, म्हणून पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट लावा आणि फांदी ग्रिलपासून हातभर आत, आडवी टांगा. पान गर्द हिरवं झालं तर उजेड कमी पडतोय. किंचित पिवळसर हिरवं असेल तर ठीक. काळपट कोरडा चट्टा पडला तर ऊन लागलंय. यंत्र घेऊ नका. डोंबिवलीच्या खाडीकाठच्या हवेत ओलावा पुरेसा आहे, पैसे वाचवा. झाडाला खरी गरज हलत्या वाऱ्याची असते, आणि चौथ्या मजल्यावर तो तुम्हाला फुकट मिळतो.

पाण्याचं थोडं सविस्तर सांगते, कारण तिथंच घोटाळा होतो. गावच्या आंब्यावर दिवाळीपासून मिरगापर्यंत कोणी पाणी घातलं होतं का? नाही. पण तिथं त्याची मुळं वावभर पसरलेली होती आणि पहाटेचं दव होतं. तुमच्याकडे आलेल्या झाडाची मुळं कापली गेलेली असतील. म्हणून पहिली दोन वर्षं त्याला सांभाळावं लागेल. उन्हाळ्यात सकाळी मुळं हिरवी होईपर्यंत भिजवा आणि फार तापलं तर दुपारी चारच्या सुमारास पुन्हा एकदा. हिवाळ्यात एक-दोन दिवसांआड पुरे. पावसाळ्यात हवा दमट असेल तर काही दिवस काहीच नको. संध्याकाळनंतर पाणी नको आणि पानांच्या बगलेत ते साचू देऊ नका. माझं स्वतःचं एक जुनं वांडा ऑर्किड जुलैच्या एका आठवड्यात असंच गेलं. सलग पावसात त्याच्या शेंड्यात पाणी साचलं आणि मी आठवडाभर त्याच्याकडे पाहिलंच नाही. शेंडा काळा पडून हातात आला तेव्हा कळलं. त्या दिवसापासून मी पावसाळ्यात झाडं जराशी तिरकी टांगते, पाणी आपोआप निथळतं. इमारतीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर मुळांच्या टोकांवर पांढरे क्षार बसतात. जुलैत पिंपभर पावसाचं पाणी धरून ठेवा, ते सोन्यासारखं जपून वापरा.

खताचा लोभ नको. शेणखत तर नाहीच. पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद आणि पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) खत मिळतं, ते लिटरला अर्धा ग्रॅम, आठ-दहा दिवसांनी एकदा, जून ते ऑक्टोबर. आधी साध्या पाण्यानं मुळं भिजवा, मग हे फवारा. पावसाळ्यात रात्री टॉर्च घेऊन गोगलगायी शोधा. त्यांना मुळांची कोवळी टोकं फार आवडतात आणि एका रात्रीत वर्षभराची वाढ खाऊन जातात. पानामागे खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण दिसला तर साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या कापसानं पुसून काढा.

पहिल्या वर्षी फूल आलं नाही तर उपटून पाहू नका. नवीन मूळ फांदीला चिकटलं म्हणजे झाड जगलं. फुलाला त्यानंतर एक-दोन पावसाळे लागू शकतात.

तोवर गॅलरी बिनवासाची राहू नये म्हणून एक झाड विकत आणा, आणि ते एकच असू द्या. माझी निवड ब्रासाव्होला नोडोसा. मध्य अमेरिकेकडचं झाड आहे, पानं पेन्सिलीसारखी, फुलं हिरवट पांढरी, आणि उकाडा सहज सोसतं. दिवसा नाक लावलंत तरी काही कळणार नाही. अंधार पडला की पतंगांना बोलावण्यासाठी ते लिंबाच्या फुलासारखा वास सोडतं. दिवसभर नोकरी करून रात्री गॅलरीत बसणाऱ्यांनी हेच घ्यावं. दिवसा घरी असाल तर ऱ्हिंकोस्टायलिस जायजँटिया पाहा. सीतेच्या वेणीची ही थोरली बहीण, थंडीत फुलते, वास भरदार. ज्यांना चॉकलेटसारखा वास हवा, त्यांनी शॅरी बेबी नावाचं ऑन्सिडियम मागावं. ही झाडं मातीशिवायच ठेवायची. लाकडी टोपलीत लोणारी कोळसा, कौलाचे तुकडे, आणि नारळाची सोडणं चार-पाच दिवस पाणी बदलत भिजवून मगच घातलेली. विकत घेताना फुललेलं झाड घ्या आणि सकाळी दहाच्या सुमारास दुकानात जाऊन स्वतः वास घ्या. ब्रासाव्होलासाठी अर्थातच दिवेलागणीनंतर जा.

असंच विचारणाऱ्या इतर वाचकांसाठी दोन शब्द. पुण्यात हिवाळा उत्तम, पण मार्च ते मे हवा फार कोरडी होते. झाडाखाली खडीचं पसरट ताट पाण्यानं भरून ठेवा आणि दोनचार कुंड्या एकत्र ठेवा. विदर्भात मे महिन्यात उघड्या गॅलरीत ऑर्किड ठेवणं म्हणजे त्याचे हाल आहेत. ओल्या गोणपाटाच्या आडोशाची जागा असेल तरच आणा. सिंबिडियम ऑर्किडची सुंदर झाडं महाबळेश्वरच्या सहलीत अनेकांना मोह घालतात. त्याला फुलायला थंड रात्री लागतात, कोकणात आणि मुंबईत ते वर्षानुवर्षं नुसती पानं देत राहतं.

ताई, जूनमध्ये जाल तेव्हा फुलांचे जवळून चार फोटो काढा. एक घोसाचा, एक फुलाच्या बाजूनं म्हणजे शिंग दिसेल, एक पानांचा, एक मुळांचा. मला पाठवा, आपण मिळून नाव शोधू. वास दिवसाच्या कोणत्या वेळी सुरू होतो, तीही वेळ लिहून ठेवा. धारदार करवत आणि सुती दोरा सोबत न्या. शेजाऱ्यांच्या झाडावर बांधताना नायलॉन वापरू नका. सुती दोरा दीड-दोन वर्षांत आपोआप कुजून गळतो, तोवर मुळांनी साल धरलेली असते.

आणि भावाला सकाळी आठ-नऊ वाजता आंब्याखाली घेऊन जा. फांदी कापताना ती खालून धरायला दुसरं माणूस लागेलच.